हक्क कायद्यात, पुरावा मालकाच्या कपाटात

कामगार कायद्यांची चर्चा निघाली की ती बहुधा संप, टाळेबंदी, कामगार-कपात, किमान वेतन आणि बोनस या ठळक विषयांभोवती फिरते. या विषयांचे महत्त्व कोणी नाकारणार नाही. तथापि या सर्व हक्कांच्या अलीकडे, अगदी उंबरठ्यावरच, एक लहानसा आणि वरकरणी कारकुनी वाटणारा प्रश्न उभा असतो. हक्क मागणारा मनुष्य त्या ठिकाणी खरोखरच नोकरीला होता, हे त्याने दाखवायचे कशाच्या आधारावर? या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही, तर पुढील सर्व कलमे, सर्व अनुसूची आणि सर्व न्यायनिर्णय त्याच्यापुरते निरर्थक ठरतात.

नोकरीतील बहुतेक हक्क कालावधीच्या आणि वेतनाच्या दोन खुंट्यांना टांगलेले असतात. बारा महिन्यांत २४० दिवस काम भरले की सेवा सलग समजली जाते, आणि मग पुरेशी नोटीस व नुकसानभरपाई दिल्यावाचून कामगाराची कपात करता येत नाही. पाच वर्षांची सेवा झाली की ग्रॅच्युइटीचा अधिकार उत्पन्न होतो. भविष्यनिर्वाह निधीची वर्गणी, बोनस, भरपगारी रजा, प्रसूतिरजा, यांपैकी कशाचाही हिशेब मांडायचा तर मनुष्य केव्हा लागला, किती दिवस राबला आणि त्याला किती पगार मिळाला, हे आधी ठरावे लागते. या तिन्ही गोष्टींची नोंद ज्या कागदांवर होते ते कागद, म्हणजे हजेरीपट, पगारपत्रक आणि नेमणुकीचा आदेश, मालकाच्या कपाटात असतात. आता हजेरी बोटाच्या ठशाने लागते आणि पगार बँकेत जमा होतो, म्हणून परिस्थिती पालटली असे समजण्याचे कारण नाही. ठसा कर्मचाऱ्याचा असला तरी यंत्र मालकाचे असते, आणि बँकेच्या खातेपुस्तकात पगार देणाऱ्याचे म्हणून पुष्कळदा कंत्राटदाराचे नाव उमटलेले असते.

विनाअनुदानित शाळेत जूनमध्ये तोंडी सांगण्यावरून रुजू होऊन एप्रिलअखेर 'पुढचे पुढे पाहू' असे ऐकणारी शिक्षिका, महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकविणारा पदव्युत्तर तरुण, सरकारी कार्यालयात एजन्सीमार्फत बसविलेला संगणकचालक, आडत दुकानातील दिवाणजी, या सर्वांची स्थिती या बाबतीत सारखीच असते. काम सर्वांच्या डोळ्यांसमोर चालते. पुरावा मात्र ज्याच्याविरुद्ध दाद मागायची त्याच्याच ताब्यात असतो. काही संस्था तर मूळ प्रमाणपत्रेही ठेवून घेतात. म्हणजे कर्मचाऱ्याचे कागद संस्थेकडे आणि संस्थेचेही कागद संस्थेकडेच!

न्यायालयाच्या दारी

न्यायालयात गेल्यावर या असमतोलाचे काय होते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निर्णयांवरून दिसते. कर्नाटकातील वनखात्याच्या एका रोजंदारी कामगाराच्या प्रकरणात २००२ मध्ये न्यायालयाने असे ठरविले की, २४० दिवस काम केल्याचे सिद्ध करण्याचा भार कामगारावर आहे. त्याचे स्वतःचे प्रतिज्ञापत्र हा त्यासाठी पुरेसा पुरावा होत नाही. वेतन मिळाल्याचा अथवा नेमणुकीचा लेखी पुरावा त्याने हजर केला नव्हता, हे त्याच्याविरुद्ध गेले. पुढे २००५ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात याच न्यायालयाने अधिक वास्तव भूमिका घेतली. रोजंदारीवरील माणसाजवळ नेमणुकीचा आदेश नसतो आणि पगाराची पावतीही नसते, हे मान्य करून, त्याने साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहावे आणि हजेरीपट हजर करण्याची मागणी मालकाकडे करावी, असा मार्ग न्यायालयाने दाखविला. परंतु प्राथमिक भार कामगारावरच ठेवला. आणि हजेरीपट आला नाही एवढ्यावरूनच मालकाच्या विरुद्ध अनुमान काढता येणार नाही, असेही सांगितले.

कायद्याच्या तर्कशास्त्राप्रमाणे यात गैर काही नाही. जो दावा करतो त्याने तो सिद्ध करावा, हे तत्त्व जुने आहे. पण अर्थशास्त्राच्या कसोटीवर हीच व्यवस्था तपासली तर वेगळे चित्र दिसते. नोंद ठेवण्याला खर्च येतो. तो खर्च कोणावर टाकावा, याचे सरळ उत्तर असे की, ज्याला तो सर्वांत स्वस्तात करता येतो त्याच्यावर. मालक हजेरी ठेवतोच, पगाराचा हिशेब लिहितोच. त्यातील एक प्रत कर्मचाऱ्याला देण्याला त्याला जवळजवळ काहीच पडत नाही. उलट तीच माहिती नोकरी गेल्यावर कर्मचाऱ्याला स्वतंत्रपणे जमवायची झाली, तर त्याला साक्षीदार शोधावे लागतात, वकील करावा लागतो, तारखांना खेटे घालावे लागतात, आणि ज्यांनी साक्ष द्यायची ते सहकारी अजून त्याच मालकाच्या नोकरीत असतात. मजुरीच्या तंट्यात मालक दीर्घकाळ तग धरू शकतो आणि मजुराला थोडे दिवसही थांबणे परवडत नाही, हे निरीक्षण ॲडम स्मिथने १७७६ मध्येच नोंदविले होते. पुराव्याचा भार दुबळ्या पक्षावर टाकणारी व्यवस्था या मुळातल्या विषमतेत आणखी भर घालते. हक्क नाकारण्याची किंमत कमी होते आणि हक्क मिळविण्याची किंमत वाढते.

जुने धडे

लेखी नोंदीचे हे महत्त्व कायदे करणाऱ्यांना ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. ना. म. जोशी ज्याचे सदस्य होते त्या शाही मजूर आयोगाचा अहवाल १९३१ मध्ये आला आणि त्यातून १९३६ चा वेतनप्रदान कायदा झाला. पगार केव्हा द्यावा आणि त्यातून काय कापता येईल, हे प्रथमच कायद्याने बांधले गेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, १९४६ मध्ये, औद्योगिक आस्थापनांतील सेवाशर्तींचा म्हणजे स्थायी आदेशांचा कायदा झाला. शंभर किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखानदाराने कामाचे तास, रजा, शिस्त आणि बडतर्फी यांचे नियम लेखी करून प्रमाणित करून घ्यावेत, ही त्यातील कल्पना. मालकाची मर्जी हाच नियम, ही अवस्था संपविण्याचा तो प्रयत्न होता. नव्या औद्योगिक संबंध संहितेने ही मर्यादा शंभरावरून तीनशेवर नेली आहे, हे या ठिकाणी लक्षात ठेवले पाहिजे. लेखी सेवाशर्तींचे छत्र त्यामुळे आकुंचित झाले आहे.

महाराष्ट्राला तर या प्रश्नाची ओळख मुंबईच्या गिरण्यांपासून आहे. 'बदली कामगार' या दोन शब्दांत वर्षानुवर्षे दारात उभ्या राहणाऱ्या माणसांचा इतिहास सामावला आहे. या अनुभवाचे शहाणपण १९७१ च्या, कामगार संघांना मान्यता देणाऱ्या व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणाऱ्या, महाराष्ट्राच्या कायद्यात उतरले. कामगारांना बदली, नैमित्तिक किंवा तात्पुरते म्हणून नेमायचे आणि कायमपणाच्या लाभांपासून वंचित ठेवण्याच्या हेतूने वर्षानुवर्षे तसेच ठेवायचे, ही त्या कायद्याने अनुचित प्रथा ठरविली. राज्य परिवहन महामंडळाच्या गाड्या साफ करणाऱ्या कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये या तरतुदीला बळ दिले. सार्वजनिक नोकऱ्यांतील मागील दाराच्या नेमणुकांबाबत घटनापीठाने २००६ मध्ये घातलेले निर्बंध, औद्योगिक न्यायालयाचा हा अधिकार हिरावून घेत नाहीत, असे त्या निकालात स्पष्ट झाले. डिसेंबर २०२४ मध्येही, केंद्रीय जल आयोगात वर्षानुवर्षे झाडलोट व बागकाम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना सेवेत नियमित करण्याचा आदेश त्याच न्यायालयाने दिला. नावाला तात्पुरते आणि कामाला कायमचे, हा प्रकार न्यायालये ओळखतात, असा याचा अर्थ. परंतु दीर्घ सेवा ही वस्तुस्थिती म्हणून स्थापित झाली तरच हे शक्य होते. जिथे सेवाच नाकारली जाते तिथे हा सारा न्यायविचार लागूच पडत नाही.

शिक्षक कोण?

शिक्षकांच्या बाबतीत कागदाचा प्रश्न आणखी एका गाठीने बांधला गेला आहे. शिक्षणसंस्था 'उद्योग' या व्याख्येत मोडते असे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने १९७८ मध्ये सांगितले. दहा वर्षांनी, १९८८ मध्ये, गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने असा निर्णय दिला की, शाळा हा उद्योग असला तरी शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने 'कामगार' नव्हे. शाळेचा कारकून आणि शिपाई ज्या दरवाजाने आत जाऊ शकत होते तो शिक्षकाला बंद झाला. ग्रॅच्युइटीच्या बाबतीतही असेच घडले. १९९७ च्या अधिसूचनेने तो कायदा शिक्षणसंस्थांना लागू झाला. २००४ मध्ये शिक्षक त्यातील 'कर्मचारी' या व्याख्येत बसत नाही असा निकाल लागला. २००९ मध्ये संसदेने व्याख्या बदलून ती ३ एप्रिल १९९७ पासून पूर्वलक्षी केली. आणि त्या दुरुस्तीवर सर्वोच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब व्हायला २०२२ साल उजाडले. एका शब्दाच्या अर्थासाठी पाव शतक!

महाराष्ट्रातील खाजगी शाळांसाठी १९७७ चा सेवाशर्तींचा कायदा आहे. तो १५ जुलै १९८१ पासून अमलात आला आणि त्याने शाळा न्यायाधिकरणे दिली. हे संरक्षण मोलाचे आहे. पण तेथेही शिक्षकाची नेमणूक रिक्त कायम जागेवर परिविक्षाधीन म्हणून झाली की केवळ त्या वर्षापुरती, याचा निवाडा बहुतांशी नेमणुकीच्या आदेशातील शब्दांवरून होतो. तो आदेश कर्मचाऱ्याला मिळालाच नाही, किंवा मागाहून वेगळ्या मजकुराचा तयार झाला, तर न्यायाधिकरणाचा दरवाजा उघडा असूनही हात रिकामे राहतात.

नव्या संहितांत काय आहे?

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी, २९ केंद्रीय कायदे एकत्र करणाऱ्या चार श्रमसंहिता अमलात आल्या. त्यांच्यावर अनेक बाजूंनी टीका झाली आहे आणि त्यातील बरीच रास्त आहे. तरीही प्रस्तुत विषयापुरते पाहिल्यास त्यांत तीन तरतुदी स्वागतार्ह आहेत. पहिली, व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने आस्थापनेतील प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र देणे बंधनकारक केले आहे, आणि ज्यांना पूर्वी ते मिळाले नव्हते त्यांना संहिता लागू झाल्यापासून तीन महिन्यांत ते द्यावे असे सांगितले आहे. दुसरी, वेतन संहितेप्रमाणे वेतनचिठ्ठी देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. तिसरी तरतूद सर्वांत महत्त्वाची असूनही तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. वेतन किंवा बोनस मिळाला नाही, कमी मिळाला, किंवा बेकायदा कपात झाली असा दावा आला, तर देणे चुकते केल्याचे सिद्ध करण्याचा भार वेतन संहितेच्या ५९ व्या कलमाने मालकावर टाकला आहे. ज्याच्या कपाटात कागद आहे त्याने तो काढून दाखवावा, हे तत्त्व येथे संसदेने स्वतःच मान्य केले.

दुर्दैवाने हे तत्त्व वाटेतच थांबले. पगार दिला की नाही याचा भार मालकावर. पण मनुष्य मुळात नोकरीत होता की नाही याचा भार अजून कर्मचाऱ्याच्याच खांद्यावर. साहजिकच चतुर मालक पगार दिल्याचा पुरावा शोधत बसणार नाही. तो 'हा इसम आमच्याकडे नव्हताच' एवढेच म्हणेल. नेमणूकपत्र देण्याचे बंधन घातले, पण ते न दिल्याने खटल्यात मालकाची बाजू तसूभरही दुबळी होत नाही. उलट कागद न देणे त्याच्या पथ्यावरच पडते.

दंडाची रक्कम पाहिली की हे अधिक स्पष्ट होते. वेतन संहितेखाली नोंदी न ठेवल्याबद्दलचा दंड फार तर १० हजार रुपये आहे. आता महिना २६ हजार रुपये वेतनावर वीस वर्षे नोकरी करून निवृत्त होणारा एक कारकून कल्पनेने डोळ्यांसमोर आणावा. दर वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन, महिना २६ दिवसांचा, या सूत्राने त्याची ग्रॅच्युइटी तीन लाख रुपये होते. नोंद लपवून तीन लाख वाचत असतील आणि नोंद न ठेवल्याची शिक्षा दहा हजारांत आटोपत असेल, तर व्यवहारी मालक कोणता मार्ग पत्करील हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

मुदतीच्या नोकरीबाबतही तीच गोष्ट. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कर्मचाऱ्याला पाच वर्षांऐवजी एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा लाभ दिला आहे. पण मुदतीची नोकरी म्हणजे लेखी कराराने दिलेली नोकरी, अशी तिची व्याख्या आहे. करार लेखी नसेल तर तो लाभही नाही. शिवाय नेमणूकपत्राची सक्ती करणारी संहिता केंद्र व राज्य सरकारांच्या कार्यालयांना लागू नाही. तेथील कंत्राटदारामार्फत नेमलेले कामगार तेवढे तिच्या कक्षेत येतात. दहापेक्षा कमी कामगारांच्या बहुसंख्य दुकानांनाही ती शिवत नाही. इतरांना धडा देणाऱ्या सरकारने स्वतःच्या घरात वेगळा पायंडा ठेवावा, हे शोभणारे नाही.

उपाय अवघड नाही

यावरचा उपाय क्रांतिकारक वगैरे काही नाही. ज्या ठिकाणी नेमणूकपत्र दिल्याची पोच किंवा वेतनचिठ्ठी मालकाला दाखविता येत नाही, त्या ठिकाणी कर्मचाऱ्याने शपथेवर सांगितलेली रुजू तारीख, पद आणि वेतन खरे आहे असे न्यायालयाने गृहीत धरावे, आणि ते खोटे असल्याचे सिद्ध करण्याचा भार मालकावर असावा, एवढी एकच तरतूद चारही संहितांत आली पाहिजे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २००६ च्या शिफारशीत, ठराविक खुणा आढळल्यास नोकरीचे नाते अस्तित्वात असल्याचे गृहीत धरण्याचा मार्ग सदस्य राष्ट्रांना सुचविला आहे. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशातही, सेवाशर्तींची लेखी माहिती वेळेवर न मिळाल्यास कर्मचाऱ्याच्या बाजूने अनुमान काढणे हा एक उपाय म्हणून दिलेला आहे. आपल्या पुराव्याच्या कायद्यालाही हे तत्त्व परके नाही. जी गोष्ट विशेषकरून एखाद्याच्याच माहितीतली आहे ती सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर असतो, हे तो कायदा पूर्वापार सांगत आला आहे.

याला दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, लहान उद्योजक आधीच कागदांच्या ओझ्याने वाकला आहे. परंतु येथे मागितला जातो तो एक कागद आहे: नाव, काम, रुजू तारीख, वेतन आणि दोन सह्या. जो मनुष्य आपल्या गिऱ्हाइकाला मालाची पावती देतो, त्याला आपल्या नोकराला ही पावती देणे जड जाऊ नये. दुसरा आक्षेप असा की, खोटे दावे वाढतील. पण हे गृहीतक खोडून काढता येण्याजोगे आहे; प्रामाणिक मालकाकडे हजेरीपट, भविष्यनिर्वाह निधीचे भरणापत्रक, बँकेचे हिशेब सर्व काही असते, त्याला भिण्याचे कारण नाही. भीती वाटेल ती कागद न ठेवणाऱ्याला, आणि तिला वाटावी हाच तर हेतू आहे. निरीक्षकाला 'सुविधाकार' ही नवी भूमिका दिल्यामुळे तपासणीचा धाक यापुढे कमीच होणार. अशा वेळी कर्मचाऱ्याच्या हातातील पुरावा हाच कायद्याचा खरा निरीक्षक ठरेल.

कागद हा सर्व रोगांवरचा उतारा आहे, असा मात्र याचा अर्थ नव्हे. कागद खोटाही असतो. कागदोपत्री पूर्ण पगार देऊन त्यातील काही भाग रोखीने परत घेण्याची, किंवा नेमणुकीच्या दिवशीच तारीख नसलेल्या राजीनाम्यावर सही घेऊन ठेवण्याची रीत शिक्षणक्षेत्रात कोणाला अपरिचित नाही. पण खोट्या कागदाविरुद्ध झगडण्यासाठी निदान कागद तरी समोर असतो. त्यावर तारीख असते, सही असते, उलटतपासणीला आधार असतो. ज्याच्याजवळ काहीच नाही त्याला वाद घालायलाही जागा नसते.

एकट्या कर्मचाऱ्याने पहिल्या दिवशी नेमणूकपत्र मागावे, हा सल्ला देणे सोपे आणि आचरणे कठीण. मागणाऱ्याची जागा घ्यायला दारात दहा जण उभे असताना तो धीर कितीजणांना होईल? म्हणून हे काम संघटनांचे आहे. शिक्षक आणि लिपिकांच्या संघटनांनी वेतनश्रेणी व महागाई भत्त्याच्या मागण्यांबरोबर, आपल्याच इमारतीत काम करणाऱ्या कंत्राटी व तासिका तत्त्वावरील सहकाऱ्यांच्या नेमणूकपत्राची आणि वेतनचिठ्ठीची मागणी पुढे ठेवली पाहिजे. कायम असलेल्यांनी कायम नसलेल्यांकडे पाठ फिरविली तर उद्या कायमांची संख्याच उरणार नाही, हे त्यांच्या स्वार्थाच्या दृष्टीनेही खरे आहे. आज महाविद्यालयात शिकणारा विद्यार्थी उद्या पहिल्या नोकरीवर जाईल तेव्हा त्याला मालकाकडून मिळणारा पहिला कागद कोणता असावा, हे त्याला पदवीच्या आधी कोणीतरी सांगितले पाहिजे.

१८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित करून त्यांच्या मागण्या मांडल्या, तेव्हा त्या मागण्यांना आधार देणारा कायदा जवळजवळ नव्हताच. आज कायद्यांची वाण नाही. वाण आहे ती त्यांना जोडणाऱ्या दुव्याची. तो दुवा म्हणजे नोकरीत घेतल्या दिवशी मालकाच्या सहीनिशी हातात पडणारा एक कागद, आणि तो न देणाऱ्यालाच त्या चुकीचे फळ भोगायला लावणारे एक कलम. संसदेने यातील अर्धे काम केले आहे. उरलेले अर्धे झाल्यावाचून आधीच्या अर्ध्यालाही अर्थ येणार नाही.